कवेलू वाजवलं की बोलणारा दुकानदार

मंडळी, आज कारंज्याला कवेलू, म्हणजे छपराची कौलं, घ्यायला गेलो होतो. गारपिटीनं घराचं अर्धं छप्पर फोडलंय अन् पावसाळा तोंडावर आलाय.

पक्कं भाजलेलं कवेलू बोटानं वाजवलं की खणखणतं. पण मी वाजवायला घेतलं की दुकानदार मोठ्यानं विचारी, "भाऊ, घरी सारे बरे? पोरीचं जमलं का?"

चारदा असंच झालं.

शेवटी मी म्हणालो, "शेट, जरा चूप बसा ना. तुमी बोलून राह्यले, मले कवेलू ऐकूच नाही येत."

तो चूप बसला. कवेलू बद्द वाजलं, म्हणजे कच्चंच भाजलेलं.

"हे घालू काय लेकरांच्या डोक्यावर?"

"दुसरं पाहा ना, भाऊ," म्हणत त्यानं लगेच माझ्या बैलांची तारीफ सुरू केली.

मी बैलगाडी रिकामीच परत आणली. तुमचा कवेलूवाला अशा वेळी चूप बसते काय?