मासेवाल्या झब्दायची पंगत

अत्तालियाच्या बंदरात खारे मासे विकणाऱ्या झब्दायचं देवाशी कधी वाकडं नव्हतं. देवाची माणसं मात्र त्याच्या डोक्यात जात.

येशू हाच मसीहा, हे त्यानं एका शब्बाथाला, विश्रामाच्या दिवशी, यहुद्यांच्या सभास्थानात ऐकलं, त्याला पटलं, विषय संपला. बाकीच्या यहुद्यांनी बोलणं टाकलं तेव्हा तो बायकोला म्हणाला, "खुल्दा, बरं झालं. कानांना आराम." पण तीच वार्ता सांगत हिंडणारे उपदेशक जहाजातून उतरले की थेट त्याच्या दारात येत. दुसरं कुठलंही यहुदी घर त्यांना दार उघडत नसे आणि ग्रीकांच्या चुलीवरचं त्यांना चालत नसे. मग मासळीच्या वासानं नाक मुरडत आत यायचं, महिनोन्‌महिने पाहुणचार झोडायचा आणि वर यजमानालाच उपासाचं महत्त्व सांगायचं! झब्दाय त्यांना मनातल्या मनात शिव्या घालून पोटभर वाढायचा. वार्ता खरी होती, सांगणारे असलेच मिळाले होते, त्याला तो काय करणार?

त्यातल्या त्यात अझर्या बरा. त्याच्या शब्दावर फिलेरोस आणि बंदरातले इतर ग्रीक हमालही येशूला मानू लागले आणि झब्दायच्या ओसरीवर सगळ्यांची एकच पंगत बसू लागली. ती पंगत हीच झब्दायची आयुष्यातली एकमेव चैन. यहुद्यांना निषिद्ध असलेला खवल्यांशिवायचा मासा त्याच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता, त्यामुळे नावं ठेवायलाही जागा नव्हती.

मग यरुशलेमहून माथान नावाचे मंडळीतले वडीलधारे पुढारी आले, सोबत दोन चेले. नाकाने कांदे सोलणारी जात. त्यांनी ओसरी पाहिली आणि अझर्याला कोपऱ्यात घेतलं. अझर्या खाली मान घालून स्वयंपाकघरात आला.

"दादा, आज पानं दोन ठिकाणी मांडा. आपली आत, त्या लोकांची बाहेर."

"त्या लोकांची म्हणजे? फिलेरोसची?"

"सुंता झालेली नाही ना त्यांची. माथानजींना चालत नाही."

"तू तापानं फणफणला होतास तेव्हा जहाजावरून तुला पाठीवर कुणी आणलं रे? पाठ चालली, पंगत चालत नाही होय?"

"तसं नाही दादा. पण माथानजी रागावले तर तुमच्या घरी उपदेशक उतरू नयेत असं सगळीकडे सांगतील. इतक्या वर्षांचं तुमचं पुण्य..."

"माझ्या पुण्याची काळजी तू नको करू. जा, हात धू."

झब्दायच्या जिवाला ते लागलं होतं. एवढं राबून, वाळीत पडून उभं केलेलं घर हा दाढीवाला एका वाक्यात बुडवणार होता. दोन ठिकाणी मांडायचं तर ओसरीवरची पंगत मोडत होती, नाही मांडायचं तर घराचं नाव जात होतं. त्यानं मुकाट्यानं पानं दोन ठिकाणी मांडली. आत ताज्या भाकरी, मासे, जैतुनाचं तेल. बाहेरही तेच. फिलेरोस बाहेर बसला, काही विचारलं नाही. त्याचं ते न विचारणं झब्दायला सहन झालं नाही.

आतल्या मंडळींनी हात धुतले आणि वाट पाहत बसली. घरधन्यानं आशीर्वाद म्हणत भाकर मोडावी, पहिला घास त्यानं घ्यावा, मग पाहुण्यांनी. ही रीत मोडणारा यहुदी अजून जन्मायचा होता आणि माथान तर रीतीचेच पुतळे.

झब्दाय आला, त्यांच्याकडे पाहिलं आणि ओसरीवर जाऊन फिलेरोसला चिकटून बसला. खणखणीत आवाजात आशीर्वाद म्हटला, भाकर मोडली, घास घेतला आणि बाहेरच्या प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवला. आत कुणी हलेना. मासे निवत चालले.

"अहो यजमान," माथान शेवटी म्हणाले, "आमची भाकर राहिली."

"मोडली की, इथं. या."

"तुकडा आत पाठवा."

"भाकरीला पाय नाहीत हो. तुम्हाला आहेत."

अझर्या अर्धवट उठला. माथानांनी नुसतं पाहिलं. अझर्या खाली बसला. त्या क्षणी झब्दायला अझर्याची जी किळस आली, ती आयुष्यभर गेली नाही.

सकाळी अझर्यासह चौघंही उपाशीच जहाजावर निघाले. माथानांनी जाताना सांगितलं, या घरात यापुढे कुणी उतरणार नाही. झब्दायनं आतल्या न मोडलेल्या भाकरी फडक्यात बांधून अझर्याच्या हातात दिल्या.

"वाटेत खा. समुद्रावर घरधनी नसतो, तुम्हाला अडचण नाही."