बहिणीच्या गेमखालचा रिव्ह्यू

माझ्या धाकट्या बहिणीने लिहिलेल्या व्हिडिओ गेमखाली मी खोट्या नावाने वाईट रिव्ह्यू टाकला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी, कॉलनीत चार लोक मान देतात, आणि हे केलं. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. मला तिचा हेवा वाटत होता.

आमच्या घरात विनोदी मी होतो. ते सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. लग्नात, कँटीनमध्ये, कोणाच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात "होऊन जाऊ दे काहीतरी" म्हणत माझ्या हातात माइक यायचा. बहीण मागे बसून ऐकायची. हसायची सगळ्यांच्या नंतर, पण बराच वेळ. ती एका पतसंस्थेत काम करते. तिला कधी कोणी माइक दिला नाही, तिने मागितलाही नाही.

मग पुण्यात गेम बनवणारं एक जोडपं तिच्या ओळखीचं निघालं. चित्रं आणि तांत्रिक काम त्यांचं, शब्द सगळे हिचे. गेम तयार होत आला तेव्हा तिचा फोन आला.

"दादा, बाहेर यायच्या आधी एकदा खेळून बघ ना. कुठे हसू येत नाही ते तूच सांगू शकतोस."

"वेळ कुठंय गं," मी म्हणालो. वेळ होता.

गेम बाजारात आल्यावर मात्र मी गुपचूप विकत घेतला. हिने माझेच विनोद घातले असणार, अशी माझी खात्री होती. रविवारी बायको माहेरी ओझरला गेली आणि मी लॅपटॉप उघडून बसलो.

कॉलेजच्या दिवसांत आम्ही गेमच्या कॅसेटला फुंकर मारून टीव्हीवर खेळायचो, तसाच हा दिसत होता. जाडे चौकोनी ठिपके, रांगोळीतून उभी केल्यासारखी माणसं, मागे टिंगटिंग वाजणारी एकच चाल. गोष्ट एवढीच की नायिकेला गाव सोडून जायचंय आणि त्यासाठी गावातल्या प्रत्येकाची ना-हरकत लागते. वाटेत राक्षस भेटतात. समोर चार पर्याय येतात: लढा, बोला, चहा पाजा, सटका. पहिला राक्षस म्हणजे लिफ्टमधला शेजारी. त्याचा हल्ला एकच, "काय मग, विशेष?" उत्तर काहीही दिलं तरी आपली शक्ती घटते. "काही नाही, तुम्ही सांगा," असं म्हटलं तर तो खरंच सांगायला लागतो आणि खेळ तिथे संपतो. पुढे एक मिक्सर आहे, तो फक्त पाहुणे आल्यावर बिघडतो. त्याच्यावर तलवार चालवली तर तलवारीची चटणी होते. एक मावशी आहेत. चहा पाजायला गेलं की "मी चहा सोडलाय" म्हणतात, आणि किटली संपेपर्यंत हलत नाहीत.

ती माणसं इतकी साधी काढलेली होती की चेहऱ्यावर भाव दाखवायला जागाच नव्हती. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. त्यामुळे सगळा भार वाक्यावर. मी विनोद सांगतो तो हातवारे करून, आवाज बदलून, समोरचा हसला नाही तर त्याला कोपर मारून. तिचे शब्द एका काळ्या चौकटीत एकेक अक्षर करत उमटत होते, आणि मी रिकाम्या घरात डोळे पुसत हसत होतो.

संध्याकाळपर्यंत माझा एकही विनोद सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं. तिला चारचौघांत मोठ्या मनाने माफ करता आलं असतं. पण सगळे तिचेच होते. इतकी वर्षं मागे बसून ती नुसती हसत नव्हती, हे त्या दिवशी मला कळलं, आणि ते सहन झालं नाही.

कारखान्यात दोष सापडलेल्या मालाला मी लाल चिठ्ठी लावतो. दोष नसताना लावलेली आयुष्यातली ही पहिली. खोटं नाव घेतलं आणि लिहिलं: "पाकचळ विनोद. एकदाही हसू आलं नाही. लेखिकेने दुसरं काहीतरी करावं."

काही आठवड्यांनी ती घरी आली. बायकोने पोह्यांची बशी हातात देत विचारलं, "दुसरा भाग कधी?"

"नाही लिहीत, वहिनी."

"का? लोकांना आवडला ना?"

"आवडला. एकाला नाही आवडला."

"कोण तो मेला?"

बहिणीने पोह्यांवर लिंबू पिळलं. बायको चहा टाकायला आत गेली, तशी ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, शब्द पाचकळ असा आहे. पाकचळ आपल्या घराबाहेर कोणी म्हणत नाही."

लहानपणी हीच तो शब्द उलटा म्हणायची. तिला चिडवायला आम्ही सगळे तसंच म्हणू लागलो, आणि माझ्या तोंडात तो असा बसला की लिहितानाही चूक दिसली नाही. आता ही रागावणार म्हणून मी मान खाली घातली. तिला राग नव्हताच.

"खोटं नाव का घेतलंस ते कळलं मला. तोंडावर सांगायला जड गेलं असेल. बाकीचे काय, चांगलंच म्हणतात. पण तुला एकदाही हसू आलं नाही म्हणजे जमलेलं नाही. पुण्याच्यांना सांगितलंय मी, दुसरं कोणीतरी बघा."

तिने माझा शब्द खरा मानला होता. त्याच वेळी सांगायला हवं होतं. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि मी म्हणालो, "चला, पतसंस्थेला एक माणूस परत मिळाला." बायको हसली. बहीणही हसली, पण लगेच थांबली.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मोटारसायकल घराकडे न वळवता थेट इंदिरानगरला तिच्याकडे नेली. तिने दार उघडलं. हातात पिशवी होती, बहुतेक भाजीला निघाली होती.

"दादा? आत तरी ये."

"नाही, आधी ऐक. मला हसू आलं होतं. इतकं, की खालच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना. जे लिहिलं ते खोटं लिहिलं. तू माझ्यापेक्षा विनोदी आहेस आणि मला ते बघवलं नाही. तो रिव्ह्यू आत्ता खाली गाडी लावून काढून टाकलाय. पुण्याला फोन कर, तूच लिहिणार म्हणून सांग. माझं चुकलं गं. मला माफ कर."