माणिकरावांचा ब्रश

मेडशीचे माणिकराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण दाढीचा रुबाब त्यांनी सोडला नाही. ब्रश कोमट पाण्यात भिजवायचा, निथळायचा, साबणावर गोल फिरवायचा. फेस दह्यासारखा घट्ट झाल्याशिवाय गालाला लावायचा नाही.

आज मालेगावात नातीचा, स्नेहाचा, सत्कार. नऊची एसटी गाठायची, आणि फेसच येईना! त्यांनी आधी साबणाला शिव्या घातल्या, मग बोअरच्या खाऱ्या पाण्याला.

"काहून बोंबलून राह्यले?" त्यांच्या पत्नी दुर्गाबाई म्हणाल्या. "काल तव्याले तेल लावाले अर्धा कांदाबी नव्हता, म्हून तुमचा ब्रश घेतला."

"माह्या दाढीचा ब्रश? तव्यावर?"

"मंग? चार धिरडे मिटक्या मारत खाल्ले, तेवा नाही बोलले!"

माणिकरावांचा राग आणखी चढला. त्यांनी भांड्याच्या साबणाने ब्रश खसाखसा धुतला आणि रागारागात दाढीच्या साबणावर असा घुसळला, की फेस वाटीबाहेर आला. इतका दाट फेस त्यांनी जन्मात केला नव्हता. पण बायकोला ते सांगतील तर शपथ!

नऊच्या एसटीत ते दुर्गाबाईंशेजारी गुळगुळीत गाल फुगवून, खिडकीकडे तोंड करून बसले. ब्रश सदऱ्याच्या खिशात होता. घरी सून होती, आणि कांदा अजून आणलेला नव्हता.