निवृत्तीनंतरचं लग्न

नवरा गेल्यावर हैदराबादेत, गौलीगुड्यातल्या आमच्या घरात माझ्याविषयी सगळं दीरच ठरवू लागले. मी कोणत्या लग्नाला जायचं, कोणत्या रंगाची साडी नेसायची, हळदीकुंकवाला बायका आल्या की आतल्या खोलीत बसायचं. शाळेत मी पोरांना हिंदी शिकवायचे, दरारा होता माझा. घरी आले की ‘बिचारी वहिनी’.

निवृत्त झाले तेव्हा शाळेतली एक तेलुगू मैत्रीण म्हणाली, ‘‘आंध्रात समुद्राकाठी माझं माहेरचं घर रिकामं पडलंय. राहून ये महिनाभर.’’

‘‘एकट्याच जाणार?’’ दीरांनी विचारलं.

‘‘हौ, एकटीच,’’ म्हटलं आणि बॅग भरली.

गाव कोळ्यांचं, लहानसं. शेजारी एक गृहस्थ बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. माझ्याच वयाचे, बायको फार पूर्वी घटस्फोट घेऊन गेलेली. मी रोज सकाळी वाळूत लाटांपासून लांब बसायचे. एकदा ते तेलुगूत म्हणाले, ‘‘टीचरम्मा, इतक्या लांबून आलात आणि पाय कोरडेच?’’

‘‘भीती वाटते पाण्याची.’’

‘‘मलाही,’’ ते म्हणाले. तरुणपणी त्यांची बोट उलटली होती, त्यात धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून ते पाण्यात उतरले नव्हते. कोळ्याचा मुलगा असून घाबरतो, म्हणून गाव हसायचं. हे त्यांनी मला असं सांगितलं, जसं कुणी आपलं गाव कुठलं ते सांगतं. लाज नाही, रड नाही. मला तो माणूस तिथेच आवडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहिलो. मग रोज थोडं पुढे. मासळी विकणाऱ्या बायका टोपल्या खाली ठेवून आमची गंमत बघायच्या. एका सकाळी मोठी लाट आली आणि आम्ही दोघंही आडवे झालो. नाकातोंडात खारं पाणी, साडी चिखलात. मी इतकी हसले की पोट दुखलं. उठल्यावरही त्यांनी माझा हात सोडला नाही, मीही सोडवून घेतला नाही. त्या बायकांमधली एक म्हातारी ओरडली, ‘‘आता लग्न करून टाका, आमचा धंदा खोळंबतोय!’’

महिन्याचे चार महिने झाले. चोरून काही करायचं नव्हतं, म्हणून मी त्यांना घेऊन हैदराबादला आले. दिलसुखनगरला सासरी असलेल्या लेकीलाही बोलावून घेतलं. ते कोळंबीचा डबा घेऊन दारात उभे राहिले. दीर त्यांना बसासुद्धा म्हणाले नाहीत.

‘‘वहिनी, या वयात? लोक काय म्हणतील?’’

‘‘लोकांना माझ्याकडे पाठवा भावजी. मी बोलते त्यांच्याशी.’’

लेक रडायला लागली. ‘‘आई, मी सासरी काय सांगू?’’

‘‘आई लग्न करतेय, असं सांग. त्यात खोटं काय आहे?’’

तेवढ्यात माझी जाऊ उठली. नवऱ्यापुढे कधी शब्द न काढलेली बाई. तिने खुर्ची पुढे ओढली, ‘‘बैठो भाईसाब,’’ म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

लग्न नोंदणी कचेरीत झालं. लेक आली नाही. जाऊ आली, साक्षीदार म्हणून सही करून गेली. दीर आजही यांच्याशी बोलत नाहीत. लेक वर्षभर गप्प होती. आता फोन करते, यांची तब्येत विचारते, पण त्यांना काय म्हणावं ते तिला अजून ठरवता येत नाही. मी घाई करत नाही.

आम्ही त्या गावातच राहतो. भांडतो, मी त्यांना मराठी शिकवते, ते मुद्दाम चुकतात. गौरी-गणपतीत मात्र मी गौलीगुड्याला जातेच, बोलावणं येवो न येवो. हिरवी साडी नेसते आणि हळदीकुंकवाला बाहेरच्या खोलीत, दारासमोर बसते. येणाऱ्या बायकांपैकी काही मला कुंकू लावतात, काही मला टाळून पुढे जातात. मी बसल्या जागेवरून हलत नाही.