शत्रुपक्षाचे दिलीपराव

श्री. दिलीपराव टेंबेकर यांची आणि माझी पहिली भेट अमेरिकेतल्या चँडलर गावच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता आणि हे गृहस्थ भर उन्हात पार्किंग लॉटमध्ये उभे राहून लोकांच्या गाड्या लावून घेत होते. मी विचारलं, "आपण काय करता?" तर म्हणाले, "एरवी विमान कंपनीत पायलट आहे. महिन्यातले चार-पाच दिवस शत्रू असतो." मी मनात म्हटलं, ऊन लागलंय बिचाऱ्यांना!

ऊन लागलं नव्हतं. दिलीपराव आठ वर्षांचे असताना नागपूरहून अमेरिकेत, नोव्हाय गावी आले. वडील मोटारींच्या कारखान्यात इंजिनीयर. मुलगा अमेरिकी नौदलात लढाऊ विमानं चालवू लागला, आणि पूर्णवेळ नोकरी सोडल्यावरही राखीव सेवेत राहिला. त्यांच्या स्क्वाड्रनचं काम एकच. विमानांना परक्या देशाचे रंग द्यायचे, परक्या देशाचे पायलट उडवतात तशीच ती उडवायची, आणि आपल्या तरुण पायलटांना हवेत घेरायचं. अर्थात सगळं लुटूपुटूचं. गोळी सुटत नाही. 'तू मेलास' एवढं रेडिओवर सांगतात, आणि मेलेला निमूट घरी परततो. दिलीपराव म्हणत, "शत्रू जेवढा हुशार आहे तेवढंच हुशार व्हायचं. जास्त नाही, कमी तर मुळीच नाही." त्यासाठी ते विमानतळांवरच्या हॉटेलांत बसून अभ्यास करायचे. इतर पायलट टीव्ही बघत असत.

माणूस मात्र लोण्याहून मऊ. माझ्या पत्नीचं, सुनंदाचं, ऑपरेशन झालं तेव्हा हे तीन तास ड्राइव्ह करून आपल्या वाळवंटातल्या हवाई तळावरून थेट आमच्या घरी आले. अंगावर तो हिरवा उड्डाणाचा पोशाख, आणि ओट्यापाशी उभे राहून मुगाची खिचडी लावतायत! शेजारच्या अमेरिकन बाईंना वाटलं, सैन्य आलं.

आता मूळ गोष्टीवर येतो. ती सांगायला मला लाज वाटते, पण दिलीपरावांच्या साठीच्या गौरव अंकाच्या संपादकांनी 'मनापासून लिहा' म्हटलंय, तेव्हा भोगा.

आमची मैत्रेयी, म्हणजे मितू, नौदलात पायलट झाली. दिलीपकाकांनी तिला भरीस घातलं असं सुनंदा अजून म्हणते. पण त्यांनी उलट वर्षभर तिला परावृत्तच केलं होतं. दोन विमानांची जोडी पुढे होऊन नेण्याची तिची परीक्षा त्याच वाळवंटातल्या तळावर होती. पहिल्या खेपेला ती नापास झाली. दुसऱ्यांदाही झाली तर तिच्या तुकडीबरोबर जहाजावर जाणं हुकणार होतं, आणि पुढचं सगळंच अवघड होऊन बसणार होतं. फोनवर पोरगी रडली. एरवी इंग्रजीत बोलणारी, त्या दिवशी सबंध मराठीत रडली. बापाचं काळीज, काय सांगू! बोलण्याच्या ओघात तिने सांगितलं, उद्याच्या परीक्षेत शत्रू म्हणून समोर दिलीपकाका आहेत.

मग मी जे केलं ते फक्त आपलाच माणूस करू जाणे. मी शत्रूकडे वशिला लावला. फोन केला आणि म्हटलं, "दिलीपराव, घरचीच मुलगी आहे. उद्या जरा बेतानं घ्या ना."

 ते म्हणाले, "अशोकराव, सुनंदावहिनींना नमस्कार सांगा." आणि फोन ठेवला. मी मूर्ख, मला वाटलं काम झालं!

दुसऱ्या दिवशी दिलीपरावांनी मितूला व्यवस्थित मारलं. ती समोरच्या विमानाच्या मागे लागली, आणि तिच्या खालून, डोंगराच्या आडोशाने, हे आले. आधी तिचा जोडीदार मेला, मग ती.

उड्डाणानंतर सगळे एका खोलीत बसतात. त्याला डीब्रीफ म्हणतात. तिथे हुद्दा बाहेर ठेवायचा, आणि प्रत्येकाने आधी स्वतःच्या चुका सांगायच्या, मग दुसऱ्याच्या. दिलीपराव वयाने, हुद्द्याने सर्वांत मोठे. ते फळ्यापाशी गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "माझी पहिली चूक. काल हिच्या वडिलांनी मला सौम्य वागा असं सांगायला फोन केला. हे मी उड्डाणाआधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्यामुळे मी मुद्दाम जास्त कडक वागलो, अशी शंका कुणालाही येऊ शकते. हिची इच्छा असेल तर आजचा निकाल रद्द करावा."

 बाहेर पडायची वाट त्यांनीच तिला उघडून दिली होती. माझी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "नो सर. मी मेलेच होते. निकाल राहू दे."

त्यानंतर सहा आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच केलं. मी दिलीपरावांवरही चिडलो होतो. सख्खा मित्र, आणि चारचौघांत माझी अब्रू काढली! पण त्या सहा आठवड्यांत हे काय करत होते ते मला सुनंदाकडून कळलं. विमान कंपनीतली आपली रजा त्यांनी तळावर काढली. काठीवर बसवलेली लाकडी विमानं दोन हातांत धरून मितूपुढे तेच वळण पुन्हा पुन्हा काढून दाखवलं. ती चिडायची, म्हणायची, "कळलंय मला, काका." हे म्हणायचे, "कळलंय ना? मग परत दाखव." तिला पुन्हा परीक्षेची संधी मिळावी म्हणून शिफारसपत्रही त्यांनीच लिहिलं. त्यात तिच्या दोन्ही चुका, खाली न बघणं आणि जोडीदाराला न सांभाळणं, स्पष्ट लिहिल्या होत्या, आणि शेवटी लिहिलं होतं की मेल्यानंतर खरं बोलणारा पायलट शिकवण्याजोगा असतो.

परीक्षा झाली. समोर पुन्हा हेच, पुन्हा तसेच खालून आले. या खेपेस मितूने त्यांना गाठलं. मेल्यावर इतके खूश झालेले गृहस्थ मी तरी दुसरे पाहिले नाहीत! स्वतः फोन करून ओरडले, "अशोकराव, पोरीनं मारलं मला! पेढे आणा!"

पुढे ती दुसऱ्या तुकडीबरोबर जहाजावर गेली. लांबच्या समुद्रात, लुटूपुटूचं नसलेलं. एके दिवशी सकाळी तिचा फोन आला. नेमकं काय झालं ते ती सांगू शकत नव्हती, आणि अजूनही सांगत नाही.  एवढंच म्हणाली, "समोर एक विमान होतं, बाबा. बट आय लुक्ड लो. खाली बघितलं, म्हणून वाचले. काकांना आधी फोन केला, मग तुम्हाला."

मला आधी नाही केला, याचं वाईट वाटलं का? वाटलं. बाप आहे मी. पण फोन ठेवल्यावर मी देवापुढे बसलो, आणि हात जोडले तर डोळ्यांसमोर आले ते दिलीपराव.

दिलीपराव, राखीव सेवेतून आपण निवृत्त झालात आणि आता साठी पूर्ण करताय. तब्येतीला जपा, साखर तपासत राहा, वहिनींचं ऐका, आणि आमच्या नातवंडांची लग्नं लावण्याइतकं खणखणीत जगा. आमच्या दोघांच्या वाट्याचं आयुष्यही देवाने तुम्हालाच द्यावं. त्या दिवशी तुम्ही मैत्रीखातर माझा शब्द राखला असता, तर आज आमच्या घरात मुलीचा फोटो हार घालून लावलेला असता.