दहा फुटी सावली

एप्रिलमधल्या एका मंगळवारी दुपारी दीडच्या सुमारास आई गच्चीवर चक्कर येऊन पडली. वय एकाहत्तर. कुरडया राखत ती अकरापासून उन्हात बसली होती. दवाखान्यात तीन दिवस गेले. सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, अकरा ते चार उन्हात बसायचं नाही. पुन्हा असं झालं तर किडनीवर येईल.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा गहू भिजत घातले. भाचीच्या रुखवतासाठी कुरडया कमी पडत होत्या. मला कळलं तेव्हा गव्हाचं दुसरं पाणी बदलून झालं होतं. तीन दिवस भिजवून चौथ्या दिवशी वाटायचे, रात्रभर चीक बसू द्यायचा, पाचव्या दिवशी पहाटे शिजवून सोऱ्याने कुरडया घालायच्या. गहू थांबणार नव्हते आणि ती कुरडया कावळ्यांवर सोडणार नव्हती. मोठी छत्री आणायला माझ्या हातात दोन दिवस होते.

महामार्गावर पिंपळगावच्या दिशेला बागेचं सामान विकणारं दुकान आहे. आई बरोबर आली.

"हॉटेलसाठी की फार्महाऊससाठी?" दुकानदाराने विचारलं.

"कुरडयांसाठी," मी म्हणालो.

"माझ्यासाठी," आई म्हणाली. "कुरडयांना ऊनच लागतं."

"म्हणजे सावली काकूंना आणि ऊन कुरडयांना. अशी छत्री कंपनीने अजून काढली नाही, काकू."

"तुमच्या घरी कुरडया कोण करतं?"

"विकत आणतो."

"दिसतंच आहे."

बघता बघता पसंतीत दोन छत्र्या उरल्या. एक दहा फुटी, सरळ दांड्याची, तीस किलोच्या बैठकीची. दुसरी सहा फुटी, वरून वाकणारी. आईने वाकणारी धरली. मी दहा फुटी घेतली. जितकी जास्त सावली तितकं बरं, एवढाच माझा विचार होता. दुकानाच्या पत्र्याखाली दोन्ही छत्र्यांची सावली पडतच नव्हती.

गुरुवारी आठ वाजता कुरडया घालून झाल्या. छत्री आणि खुर्ची पश्चिमेच्या कठड्याशी होती, कुरडया त्यांच्या पूर्वेला. मी ऑफिसला गेलो. साडेबाराला आईने फोन उचलला. दीडला उचलला नाही. दोनदा केला. मग शेजारच्या वहिनींना केला. त्या त्यांच्या गच्चीवर गेल्या.

"छत्री मिटलेली आहे," त्या म्हणाल्या. "काकू उन्हात बसल्यात. मी हाक मारली, तर हात केला नुसता."

ऑफिसातून पाथर्डी फाट्याला घरी पोचायला बावीस मिनिटं लागली.

आई खुर्चीवर होती. डोक्यावर पदर, चेहरा लाल, ओठ कोरडे. छत्री तिने दोरीने बांधून ठेवली होती. एक वाजल्यानंतर सावली पूर्वेकडे सरकून कुरडयांच्या पहिल्या तीन ओळींवर आली होती.

"ओल्या राहिल्या तर आंबतात," ती म्हणाली.

"फोन का नाही उचलला?"

"तू खाली जा म्हणाला असतास."

कुरडया उचलता येत नव्हत्या. वरून सुकल्या होत्या, खालून कागदाला चिकटलेल्या. छत्री उघडली तरी सावली त्यांच्यावर येऊ नये म्हणून मी तीस किलोची बैठक ओढत टाकीच्या कोपऱ्यात नेली. तोवर वहिनी पाणी घेऊन आल्या. "कुरडयांपाशी मी बसते," त्या म्हणाल्या. तेव्हा आई उठली. जिन्यात तिने दोनदा भिंत धरली.

ताप एकशे एक. डॉक्टर फोनवर म्हणाले, ओल्या फडक्याने अंग पुसा, अर्ध्या तासात उतरला नाही तर घेऊन या. दहा मिनिटांनी एकशे एकच होता. वीस मिनिटांनी शंभर. अर्ध्या तासाने नव्व्याण्णव. संध्याकाळी रक्त तपासायला दिलं आणि दुकानात जाऊन छत्री बदलून आणली.

शुक्रवारी सकाळी साडेअकराला रिपोर्ट आला. किडनीचे आकडे मर्यादेत होते. त्या वेळी आई गच्चीवर, वाकवलेल्या सहा फुटी छत्रीखाली बसली होती; सावली तिच्यावर, ऊन कुरडयांवर.