बारा नंबरच्या पिशवीतले तीन दाणे

तिसरा घावणा तव्यावर घातला आणि दाराची कडी वाजली. आमच्या नांदगावात सकाळी दार उघडंच असतं. येणारा माणूस 'वयनी' अशी हाक मारत खळ्यातून थेट पडवीत येतो. उघड्या दाराची कडी वाजवणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं. बघते तर लवूकाका, काखेत लाकडाची काथवट घेऊन उभे.

"येवा, बसा. घावणे खातास?"

"खातंय. पण आधी तेजूबायक हाक मारा. प्वाट भरला की बोलूचो धीर जाता."

तेजस्वी माझी भाची. भूगर्भशास्त्र शिकली आणि खनिजं शोधणाऱ्या एका संस्थेत लागली. डिसेंबरपासून आमच्याकडे राहून ओढ्याओढ्यांतली वाळू गोळा करत होती. वाळू धुवायला लवूकाकांचं नाव मीच सुचवलं होतं. साठी उलटलेला माणूस, शाळा सहावीपर्यंत. चार कुणगे भातशेती, घरामागच्या डोंगरावर काजू, पायथ्याशी व्हाळ, म्हणजे ओढा. तरुणपणी खाणीवर खनिज धुण्याचं काम केलेलं. घरच्या काथवटीत दोन ओंजळी वाळू घेऊन पाण्याखाली अशी फिरवायचे, की हलकी वाळू वाहून जायची आणि तळाशी जड, काळे दाणे उरायचे. पहिल्या दिवशी तेजूने तिची प्लॅस्टिकची परात पुढे केली, तर म्हणाले, "ही मुंबयच्या जावयासारखी. दिसाक बरी, पण कामाक लावूक भिया वाटता."

ते दाणे प्रयोगशाळेत जायचे. तेजूने मला सांगितलं होतं, "मावशी, डोळ्यांना सगळे सारखेच काळे. पण एकेका दाण्यात लोह किती, क्रोमियम किती हे मोजलं, की तो कुठल्या खडकातून सुटून आला ते समजतं. मग ओढ्याच्या वर वर जात तो खडक शोधायचा." मला लगेच पटलं. तिरफळं किती नि कोकमं किती, यावरून आमटी कोणाच्या घरची ते मीही सांगते.

वैभववाडीकडच्या एका ओढ्याच्या बारा नंबरच्या पिशवीत घाटातल्या काळ्या दगडाचेच दाणे होते. त्यात फक्त तीन वेगळे, क्रोमियमने भरलेले. आदल्या संध्याकाळी तेजूने हरखून लवूकाकांना फोन केला होता. त्या ओढ्याच्या वरच्या डोंगरात बोअर मारा, असं ती दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना लिहून पाठवणार होती. एकटीने लिहिलेला तिचा पहिलाच अहवाल.

तेजू केस बांधत बाहेर आली.

"बाय, ते तीन दाणे माझे," काका म्हणाले.

"तुमचेच की. तुम्हीच तर धुतलेत."

"तसा नाय. ते माझ्या व्हाळातले. दुसऱ्या गावच्या पाण्यात हात घालूच्या आधी आपल्या व्हाळाची चिमूटभर रेती थंय सोडूची, ही आमच्या घरची रीत. थंयच्या राखणदार देवाक कळाक व्हया, कोण इलो तो. सगळीकडे मी रेती काढूच्या जाग्याच्या खालच्या अंगाक सोडलंय. त्या दिवशी शेवाळार पाय सरकलो आणि चिमूट काथवटीत पडली. देवाच्या नावाची रेती, ती कित्याक फेकू, म्हटलंय."

तेजूने पिशव्यांची यादी उघडली. "आणखी कुठल्या पिशवीत?"

"खंयच्याच नाय. बाराच. मी विचार करूनच इलंय." त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. "ही उरलेली रेती. तपास."

तिने भिंगातून बराच वेळ पाहिलं. "नुसतं बघून सांगता येणार नाही, पाठवावी लागेल. पण दाणे जुळले, तर तो खडक तुमच्या व्हाळाच्या वर असणार. वर काय आहे तुमच्या?"

"माझी काजी."

तव्यावरचा घावणा करपला तो तेव्हा. कारण मला कळलं, की हे त्यांना कालच्या फोनपासून ठाऊक होतं. गप्प बसले असते, तर बोअरचं मशीन वीस किलोमीटरवरच्या परक्या डोंगरावर गेलं असतं आणि यांची काजूची झाडं सुखात राहिली असती.

"काका, बोलला नसतास तर कोणाक कळला असता?" मी विचारलं.

"कोणाक नाय. पण थंय भोकां पाडून काय गावला नसता. मगे शिव्या खाल्ल्या असत्यो ह्या चेडवान."

तेजू उठून त्यांच्या पाया पडली. ते मागे सरले. "रवांदे गो. माझीच चूक, आणि पाया तू कित्याक पडतंस?"

पुढच्याच आठवड्यात दोघांनी तो ओढा पुन्हा धुतला. तसा एकही दाणा निघाला नाही. पुडीतले मात्र तंतोतंत जुळले. तेजू माझ्या घरी होती म्हणून माझ्या बहिणीला अजून वाटतं, की तिच्या मुलीचं नाव मी राखलं. मी तिला दर वेळी लवूकाकांचं नाव सांगते.

त्या सकाळी मी नवा घावणा घातला. काकांनी चार खाल्ले, गूळ-खोबऱ्याच्या रसात बुडवून. काथवट तेजूकडे ठेवली, "परत धुवूचा लागतला," म्हणून. पायरी उतरताना थांबले.

"बाय, एकच सांगणा. काजीक मोहर इलो आसा. काजू उतरल्यार मगे मशीन आण."